आधी औषध सोडून बघू

प्लंबरच्या छातीत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याचा पू झाला होता. बरगड्यांमधून एक बारीक नळी आत घातली होती, पण कालपासून तिच्यातून थेंबभरही बाहेर येत नव्हतं.

"आत गाळ धरलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाबरू नका, लगेच कापाकापी नाही. आधी नळीतून औषध सोडून बघू. गाळ सुटला तर उत्तमच. नाहीच सुटला, तर मात्र छाती उघडावी लागेल."

प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं. हेच वाक्य तो तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात उभा राहून म्हणत आला होता. फक्त छातीच्या जागी फरशी असायची.

डॉक्टरबाई औषध भरायला वळल्या, तसा त्याने बायकोचा हात घट्ट धरला. "अगं, औषधाने काही सुटत नाही. शेवटी फोडावंच लागतं."

"असं काय बोलता? तुमचं एखाद्या वेळी नसेल सुटलं."

"एकदाही नाही सुटलं."

"अहो, तुमचं ते दुकानातलं औषध. हे दवाखान्यातलं आहे."

डॉक्टरबाई सिरिंज घेऊन आल्या. आतलं औषध अगदी नितळ दिसत होतं. प्लंबरने त्यांचं मनगटच पकडलं.

"बाई, खरं सांगा, यात औषधच आहे ना?"

"मग दुसरं काय असणार?"

बायकोकडे न बघता तो पुटपुटला, "फोडायचं काम मिळावं म्हणून मी नुसतं पाणी ओतायचो."