पुरेल एवढा दात

मृणालने अण्णांच्या हिरडीवरची लाळ कापसाने टिपली आणि स्कॅनर पुन्हा त्यांच्या तोंडात फिरवला.

“परत? सारखं ‘आ’ करून जबडा दुखायला लागला गं,” अण्णा कुरकुरले.

“ओलं असलं की चित्र नीट येत नाही, अण्णा.”

ती खोटं बोलत होती. चित्र पहिल्याच वेळी लख्ख आलं होतं. हाडात रोवलेल्या स्क्रूवर बसणारा दात पडद्यावर आकाराला आला आणि यंत्राने त्यासाठी पुन्हा प्लास्टिकच निवडलं.

हल्ली स्कॅनर जबड्याच्या हाडावरून माणसाचं उरलेलं आयुष्य ओळखायचा आणि तेवढाच टिकणारा दात बनवायचा. पुढे बरीच वर्षं असतील तर झिर्कोनियाचा, दगडासारखा टणक. प्लास्टिक जेमतेम काही महिने टिकायचं. ही निवड बदलणं डॉक्टरांच्याही हातात नव्हतं, मग नुसते दात बनवून बसवणाऱ्या मृणालच्या हातात कुठून असणार?

“पक्का बसव हं. संक्रांतीला ऊस सोलून खायचाय,” अण्णा म्हणाले.

यंत्रातून निघालेला दात तिने बसवला. अण्णांनी आरशात पाहिलं, खूश होऊन हसले आणि गंमत म्हणून दातावर नख वाजवलं. बद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं.

“तुझ्या आईचा शेवटचा दात असाच वाजायचा,” ते म्हणाले.

मृणाल मान खाली घालून हातमोजे काढत राहिली.

अण्णा सावकाश खुर्चीतून उतरले. “संक्रांत लांब आहे गं,” ते म्हणाले. “जाताना ऊस घेऊ.”