काट्यावरचे गृहस्थ

सुट्ट्या मालाचं ते दुकान एवढं मोठं, की आमचं जुनं घर अंगणासकट आत मावलं असतं. भिंतभर काचेच्या नळ्या. खालची कळ दाबली की डाळ सरसर पिशवीत उतरते. हवं ते, हवं तेवढं भरायचं आणि दाराशी वजन करून घ्यायचं. लहानपणी आमचा दुकानदार पुडी बांधण्याआधी वर मूठभर घालायचा. इथे उलटंच. काट्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसतात. माझी पिशवी आली की त्यातलं निम्मं काढून बाजूला ठेवणार. “एवढं कशाला? थोडंच न्या.” माझ्या पुढच्या बाईंना मात्र, “घ्या हो अजून, चांगलं टिकतं.”

काल अक्रोडांच्या बाबतीत तेच झालं आणि माझा पारा चढला.

“अहो, अर्धा किलो अक्रोड संपेपर्यंत मी टिकणार नाही, असं वाटतं का तुम्हाला? एकटी राहत असले तरी तब्येत ठणठणीत आहे माझी!”

ते गोरेमोरे झाले. मागे कुणी नाही, हे पाहून हळूच म्हणाले, “ते दिसतंच आहे. पण अर्धा किलो नेलेत, की तुम्ही महिनाभर इकडे फिरकत नाही.”

मी चष्मा सारखा केला. पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली.

“मग अजून थोडे काढा,” म्हटलं.