गिटारला जवारी

"अब्बा, ही गिटार आहे, तंबोरा नाही." जुबेरचा आवाज मिरजेच्या त्या अरुंद दुकानात मावेना. त्याने गिटार फक्त तारा बदलायला ठेवली होती. पण जन्मभर तंबोरे बनवणाऱ्या अब्बांनी सवयीने तिच्याही, तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवली, आणि आता प्रत्येक तार तंबोऱ्यासारखी झणझणत होती.

"मुकी वाटली बिचारी," अब्बा म्हणाले, "म्हणून जवारी लावली."

दुसऱ्याच दिवशी पुण्यात स्टुडिओ ठरलेला. दुसरी गिटार मिळेना. जुबेरच्या रॉक बँडचा पहिलावहिला अल्बम त्या झणझणाटातच रेकॉर्ड झाला, आणि त्याने घरी अबोला धरला. अब्बा जेवायला हाक मारत, हा ताट घेऊन माडीवर जाई.

अल्बम आला. गाण्यांचे शब्द कुणी फारसे मनावर घेतले नाहीत, ड्रम्सना तर नावंच ठेवली. पण ज्याने त्याने एकच विचारलं, गिटारचा हा आवाज आणला कुठून? शेवटी जुबेरने दुकानाचा पत्ता देऊन टाकला.

रविवारी तो खाली दुकानात आला, तर तीन केसाळ पोरं गिटारी मांडीवर घेऊन अब्बांपुढे शहाण्यासारखी बसलेली. अब्बांच्या हातात कानस होती, पण ती अजून कुठल्याच गिटारीवर फिरली नव्हती. चष्म्यावरून त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"ह्यांना नीट विचारून घे बाबा. आणखी तीन घरांत अबोला नको."

जुबेर त्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसला. आपली गिटार त्याने हळूच पुढे सरकवली.

"आधी हिला घ्या. वाजवून वाजवून जवारी उतरलीय."