उजवी बाजू

नकली डोळा रंगवणाऱ्या बाईंनी ऑपरेशनच्या आधीचा फोटो आणायला सांगितलं होतं. मिलिंदने पाकिटातून काढून टेबलावर ठेवला तो अरुणाचा, चाळीस वर्षांपूर्वी स्थळांना दाखवायला काढलेला. कृष्णधवल.

"अहो, यात डोळ्याचा रंग कुठे दिसणार?" अरुणाने कपाळाला हात लावला.

फोनमध्ये शेकडो रंगीत फोटो पडले होते, ते या गृहस्थाच्या ध्यानातही आले नव्हते.

बाई हसल्या. डाव्या डोळ्यावरून रंग जुळवू, म्हणाल्या. उजवा चार महिन्यांपूर्वी गेला होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून अरुणा इथेच, लीड्समध्ये, तपासायला गेली, आणि डोळ्यातही कॅन्सर होतो हे तिला बासष्टाव्या वर्षी कळलं. गाठ डोळ्यासकट काढली. परवाच्या स्कॅनमध्येही काही निघालं नाही. जीव वाचला, पण ती बाजू नवऱ्याला दाखवायचा तिला धीर होईना. जेवताना ती खुर्ची बदलून बसे. गाडीत तर मागेच, कारण शेजारी बसलं की ड्रायव्हरला नेमकी उजवी बाजू दिसते. चार महिने मिलिंद टॅक्सीवाल्यासारखा एकटा पुढे बसून तिला हॉस्पिटलला नेत होता. त्याने कधी कारण विचारलं नाही.

बाई बारीक ब्रशने तपकिरी रंग चढवत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, या वयात डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर होतो, लाल शिरा दिसतात. तसंच करू, की पांढराशुभ्र?

अरुणाने मान वळवली. "तुम्हाला कसा हवा?"

"पिवळाच असू दे," मिलिंद म्हणाला. "माझ्या वयाला शोभला पाहिजे ना."

लाल रेशमी धाग्यांच्या शिरा झाल्या. संध्याकाळी डोळा बसवला. आरशात पाहून अरुणाला इतका आनंद झाला, की दोन्ही डोळे भरून आले. खोट्या डोळ्यातूनही पाणी येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मिलिंदने तो जुना फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरून नीट पारखून घेतला आणि नाक तेवढं वाढलंय, असा शेरा मारला.

कार पार्कमध्ये त्याने सवयीने मागचं दार उघडून धरलं. अरुणाने ते लावून टाकलं आणि पुढे जाऊन बसली.

घरी पोचेपर्यंत ती बोलत होती. उजव्या डोळ्याने दिसत नव्हतंच, त्यामुळे मिलिंदकडे बघायला तिला दर वेळी अख्खी मान वळवावी लागत होती.