निळ्याचं माप

भट्टीचं झाकण वर गेलं आणि तिनं आत वाकून पाहिलं. वरच्या फळीवरचे वाडगे काळे. खालचेही काळे. निळ्याचा मागमूस नव्हता. झाकण परत लावून टाकावं असं तिला वाटलं, पण शेजारीच नवरा उभा होता, ऑपरेशन झालेले डोळे किलकिले करून.

सगळे त्याला निळेकाकाच म्हणत. त्याच्या हातचा निळा दुसऱ्या कुणाला साधत नसे. पण मोतीबिंदू वाढत गेला, तसा त्याला तो निळा फिका दिसू लागला. भाजलेली नमुन्याची चकती तो खिडकीपाशी धरायचा, "रंग उतरत नाही अजून," म्हणायचा आणि भांड्यांना द्यायच्या झिलईच्या बादलीत आणखी रंगाची पूड ढकलायचा. कच्ची झिलई मोठी लबाड, भाजून निघेपर्यंत खरा रंग दाखवत नाही; आणि पूड जास्त झाली, की निळ्याचा काळा होतो. वाद घालून काय उपयोग? तो जेवून लवंडला, की ती निम्मी झिलई उपसायची, तेवढीच बिनरंगी ओतायची आणि ढवळत बसायची. भांडी निळीशार निघायची. लोक निळेकाकांची तारीफ करायचे, ही मान डोलवायची. बादल्या उचलून तिची कंबर कामातून गेली होती, आणि लपवालपवीचा तर तिला मनापासून वीट आला होता.

ऑपरेशनच्या आधी त्यानं बजावलं होतं, "ह्यानंतरही निळा जमला नाही, तर भट्टीला कुलूप. उगाच माती कालवत बसायचं नाही." डोळे बरे झाले, असं डॉक्टर म्हणाले. परवा त्यानं झिलई कालवली, तेव्हा ती आत जाऊन सरळ आडवी झाली. आता त्याचं तो बघेल. कितीतरी वर्षांनी तिला दुपारची झोप लागली.

आणि आता हे. डोळे काही सुधारले नव्हते तर! भट्टीशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय, ह्या विचारानं तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"छान निळे आलेत हो," ती म्हणाली. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं, तरी बोलली.

त्यानं एक वाडगा उचलून उजेडात धरला.

"निळे कुठले? काळेठिक्कर झालेत की गं!"

ह्याला दिसत होतं!

"मग एवढी पूड कशाला घातलीत?"

"पट्टी सुटल्यावर आपली जुनी भांडी पाहिली मी. माझ्या मापानं तीसुद्धा अशीच काळी निघायला हवी होती." त्यानं वाडगा हलकेच खाली ठेवला. "इतकी वर्षं तू बोलली नाहीस, मग मीही नाही बोललो. निम्मी तू उपसणार, हे धरूनच दुप्पट घातली होती. आलीच नाहीस तू!"