सुरुवातीची पानं

"कसं आहे?" असं विचारत सासूबाईंनी पुस्तक सुनेसमोर ठेवलं.

सून नुकतीच औषधाच्या दुकानातून, कामावरून घरी आली होती. खांद्यावरची पिशवीही अजून उतरली नव्हती. मुखपृष्ठावरचा फोटो तिनं लगेच ओळखला. हे पुस्तक तिनं उशीच्या अभ्र्यांच्या चळतीत, पार तळाशी दडवलं होतं.

"कुठलं पुस्तक आहे ते, आई?"

"मला दिसत नाही, आणि मलाच विचारतेस?" सासूबाई खुर्चीत टेकल्या. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. पण जन्मभर शिवणकाम केलेल्या हातांना कपाट आवरायला डोळे लागत नव्हते. "तुझी पुस्तकं घरभर लोळत असतात. परवा एक माझ्या पलंगाखाली निघालं. लपवलेलं हे एकच. म्हणजे माझ्या लेकीवरचं असणार."

नणंदेचा खून झाला तेव्हा सून या घरात आलेली नव्हती. तिला ताई ठाऊक होत्या त्या फक्त भिंतीवरच्या फोटोतून. मध्यंतरी एक लेखक चौकशी करत आला होता. नवऱ्यानं त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं, "आमच्या बहिणीचा बाजार मांडू नका," असं सांगून. तरी पुस्तक निघालंच.

एरवी ही दोघींची आवडती वेळ. चहाचा कप हातात आला की सासूबाई विचारायच्या, "कसं आहे?" आणि सून सध्या वाचत असलेल्या कादंबरीची उलटतपासणी घ्यायची. गेल्या आठवड्यातली नायिका तीनशे पानं खिडकीत उभी होती आणि शेवटच्या पानावर तिनं खिडकी लावून घेतली. "मग आधीच लावायची ना, मेली," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. खऱ्या खुनांची पुस्तकं मात्र सून दुकानातच, जेवणाच्या सुट्टीत संपवायची. त्यातलं अवाक्षर घरी काढायची नाही. हे एकच तिनं घरी आणलं होतं, कारण दुकानातल्या कुणाच्या नजरेला पडायला नको होतं.

"वाचलंस?"

"हो."

"मग सांग की. नेहमी सांगतेस तसं."

"चांगलं लिहिलंय, आई." तिनं पिशवीचा बंद खांद्यावर सावरला. "सुरुवात जरा रेंगाळते, एवढंच."

सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"कशाची सुरुवात?"

"ताईंच्या लहानपणाची." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी ती पानं नुसती चाळली, आई. मला पुढचं वाचायची घाई झाली होती. एका बैठकीत संपवलं मी ते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी उठले नाही."

सासूबाईंनी टेबलावरच्या कापडाची कड चिमटीत धरली आणि शिवण तपासावी तशी हळूहळू पुढे सरकवत नेली. टोक आल्यावर त्या म्हणाल्या, "तीच पानं वाच. मोठ्यानं."

सुनेनं पिशवी खाली ठेवली. पुस्तक उघडलं.

लेखकानं कुणाकुणाला गाठलं होतं. शाळेतल्या बाईंना, पोहण्याच्या तलावावरच्या माणसाला, जुन्या मैत्रिणींना. ताईंना अंधाराची भीती वाटायची नाही, लिफ्टची वाटायची. सायकल त्यांना वडिलांनी शिकवली, असंही त्यात होतं.

"मी शिकवली," सासूबाई म्हणाल्या. "साडी खोचून धावले होते मागनं. असू दे. वाच."

सून वाचत राहिली. पुढे एका वर्गमैत्रिणीनं सांगितलेलं होतं. मधल्या सुट्टीत ताई बाकावर चढायच्या, ओढणी कमरेला बांधायच्या आणि स्वतःच्या आईची नक्कल करायच्या. तोंडात टाचण्या धरून आई कशी ओरडते, ते ओठ न उघडता करून दाखवायच्या. सगळा वर्ग हसून लोळायचा. एकदा बाईसुद्धा दारात उभ्या राहून हसल्या होत्या.

"काय?"

सुनेनं मान वर केली. सासूबाई पुढे झुकल्या होत्या.

"परत वाच तेवढं."

तिनं परत वाचलं. सासूबाईंनी ओठ मिटले, जणू टाचण्या अजून तिथंच होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून सून उठली, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या हसताहेत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या.

"कार्टी," त्या म्हणाल्या. "मला कधी कळूसुद्धा दिलं नाही."

सून बसली. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. ताई मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या. मग एक सकाळ आली. ताई घाईत होत्या, उभ्याउभ्याच चहा प्यायल्या, दार ओढून घेऊन जिना उतरल्या. प्रकरण तिथं संपलं. सुनेनं पान उलटायला बोट लावलं.

"बास," सासूबाई म्हणाल्या. "इथंच थांब."

"पुढचं—"

"पुढचं मला पाठ आहे. कोर्टात रोज ऐकलंय." त्यांनी पदरानं चेहरा पुसला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

मग सासूबाईंनी हात पुढे करून पुस्तक चाचपलं आणि सुनेच्या हातासकट मिटलं.

"उद्या परत पहिल्यापासून वाच," त्या म्हणाल्या. "ती घरातून निघते तिथपर्यंत."