दोन पातेल्यांची वाफ

आसारामनं गोजरबाईच्या पातेल्यावरचं झाकण तिरकं केलं, फटीतून थर्मामीटर आत धरला आणि डोळे बारीक करून पारा बघितला. "अठ्ठ्याण्णव," म्हणाला आणि उठला. उठला म्हणजे काय, धड टेकलाच नव्हता. गोजरबाईनं ते बरोबर टिपलं.

नागपंचमी होती. आज तवा चढवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही. पुरणाची दिंडं करायची ती वाफेवर उकडून. दरसाल पुणतांब्याच्या त्या घरात एकच चूल पेटायची, यंदा दोन पेटल्या होत्या. एकीवर गोजरबाईचं पितळी पातेलं. दुसरीवर जर्मनचं नवंकोरं, चांगुणाचं. गोजरबाईला मूल नाही म्हणून आसारामनं गेल्या माघात चांगुणाला लग्न करून आणलं होतं.

दोघींचं सकाळपासूनच वाजत होतं. शेवटी सासू, बनुबाई, दारात बसून म्हणाली, "जिची वाफ चांगली, तिची दिंडं नागोबाला. तिनंच वारुळाला घेऊन जायाचं." एकोणीस वर्षं ते ताट गोजरबाईच्या हातात होतं. आता त्यालाही वाटेकरी आली.

आसाराम साखर कारखान्यात रस उकळायच्या खात्यात होता. वाफेवर नजर ठेवायची, हेच त्याचं काम. हंगाम संपलेला, थर्मामीटर घरीच पडलेला. त्याला वाटलं, घरातलं भांडण मिटवायला याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. "भांडू नका," तो म्हणाला. "पारा काय कुनाचा नातेवाईक न्हाई."

मग तो चांगुणाच्या चुलीकडं गेला आणि तिथं मात्र ऐसपैस मांडी घातली.

"चांगुणा, हितं बघ. ही चांदीवानी रेघ चढती ना, ती कुठं थांबली ते वाच. चौथी शिकलीस न्हवं?"

ती वाकली. वाफ लागू नये म्हणून त्यानं तिचं मनगट धरून बाजूला केलं. ते काही सोडायची घाई केली नाही.

"अठ्ठ्याण्णव," चांगुणा म्हणाली, आणि हसली.

"बघ. दोघींचं सारखंच."

हार झाली असती तर गोजरबाईनं सोसली असती, चार दिवस बोलली नसती आणि विसरली असती. पण सारखंच? एकोणीस वर्षांची ती आणि सहा महिन्यांची ही, सारखीच? तिनं चार तुराट्या चुलीत कोंबल्या. वर बाभळीचा ओंडका सारला.

"परत लावा."

आसारामनं उभ्याउभ्याच थर्मामीटर घातला. "अठ्ठ्याण्णव."

तिनं फुंकणी घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फुंकत राहिली. जाळ पातेल्याच्या कडेपर्यंत चढला. झाकण थडथडायला लागलं, पाणी उतू जाऊन चुलीत चरचरलं, घरभर धूर झाला.

"आता लावा."

"अगं, तेवढंच. कितीबी जाळ घाल, ह्या असल्या भांड्यात वाफ तेवढीच तापती. उगं सरपान जाळतीस."

"आक्का, ऱ्हाऊ द्या ना," चांगुणा म्हणाली. "तुमीच न्या ताट."

हे तर त्याहून वाईट. हिनं द्यायचं आणि आपण घ्यायचं?

बनुबाईनं निकाल दिला. "सारखंच हाय तर थोरलीनं न्यावं. झालं."

गोजरबाईनं ताट भरलं. दिंडं, लाह्या, वाटीत दूध. पदर सारखा केला. मनातून बरं वाटत होतं, नाही असं नाही. दाराशी आल्यावर तिनं सहज म्हणावं तसं विचारलं, "तुमी येता का?"

"मी कशाला? बायकांचं काम ते."

तिनं उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि मागं बघितलं. आसाराम अजून त्या चुलीपुढंच बसला होता. चांगुणा थर्मामीटर उजेडात धरून काहीतरी विचारत होती आणि तो सांगत होता. बनुबाई भिंतीला टेकली होती, तिचा डोळा लागत आला होता. वारूळ ओढ्यापलीकडं. जाऊन यायला तास तरी जाणार. तासभर घरात हे दोघं.

गोजरबाईनं पाय आत घेतला.

"माझा गुडघा धरलाय," ती म्हणाली. "चांगुणा, तूच जा."

चांगुणा गोंधळली. "मी? आक्का, खरंच?"

"जा म्हनते ना. मी हाय घरी." तिनं ताट सवतीच्या हातात दिलं आणि चुलीपुढं, आसारामच्या समोर, जाऊन बसली. आता तरी इकडं बघेल.

चांगुणा ताट सावरत बाहेर पडली. आसारामनं थर्मामीटर धोतराला पुसून कोनाड्यात ठेवला, खुंटीवरची टोपी घातली, वहाणा पायांत सरकवल्या.

बनुबाई दचकून जागी झाली. "तू कुठं निघालास रं?"

"तिच्यासंगं जातो. वढ्याला पानी हाय, तिला उतार म्हाईत न्हाई." आणि गेलासुद्धा.

गोजरबाईनं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं. ते राखेत दाबून विझवलं.

"वढ्याला पानी दरसाल असतं, आत्याबाई," ती म्हणाली.